गिरणीत ऐकू येणारी बाई

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तसेच जळगाव आणि धुळ्याचे जिल्हा शल्यचिकित्सक यांस,



माझी आई शिंदखेडा तालुक्यातली. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर तिला कमी ऐकू यायला लागलं. घरात चार हाका मारल्या की ती “काय म्हनस?” विचारायची. पण पिठाच्या गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटात, गिरणीवाल्याचं बोलणं तिला नीट कळायचं. म्हणून घरचे म्हणायचे, हिला हवं तेवढंच ऐकू येतं. मीही म्हणालो आहे. एका डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले, आणि वर्षं गेली.

गिरणीत ऐकू येणं हीच तिच्या आजाराची, ओटोस्क्लेरोसिसची, खूण होती. त्यात कानातलं रिकिबीच्या आकाराचं इवलंसं हाड जागच्या जागी जाम होतं. गोंगाटात समोरचा मोठ्यानं बोलतो आणि अशा कानाला आजूबाजूचा आवाज फारसा आड येत नाही. हा आजार बायकांत जास्त दिसतो, काहींचा गरोदरपणात वाढतो. ट्यूनिंग फोर्क कानासमोर धरला तर कमी ऐकू येतो, कानामागच्या हाडाला टेकवला तर जास्त. संशय यायला एवढं पुरतं. ते हाड काढून कृत्रिम तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. जॉन शिया यांनी १९५६ सालीच केली.

आईची ती वेळ टळून गेली. आजार कानाच्या आतल्या शंखापर्यंत, कॉक्लियापर्यंत, पोचला. कानाला मशीन लावूनही शब्द उमगत नाहीत. आता उपाय कॉक्लियर इम्प्लांटचा. त्याची तार श्रवणाच्या नसेला थेट संकेत देते, आणि आईच्या डोक्यात भाषा आहेच. मात्र उशीर झाला तर आत हाड भरत जातं आणि तार सरकवणं अवघड होतं.

केंद्राच्या ॲडिप योजनेतलं इम्प्लांट मुलांसाठी आहे. त्यातला एक रुपयाही कमी करू नका. पण साठीच्या शेतकरी बाईनं हे लाखो रुपये कुठून आणायचे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रौढांच्या इम्प्लांटला स्पष्ट जागा द्या. शस्त्रक्रियेनंतर यंत्र पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं; ती सोय जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत करा. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ट्यूनिंग फोर्क हाताळणारा माणूस असू द्या.

हा आजार घराण्यात उतरू शकतो. बहीण आता बत्तिशीची आहे, तिला सातवा महिना लागलाय. परवा फोनवर तिनं मला तीनदा विचारलं, “काय म्हनस?”

आपला,
शिंदखेडा तालुक्यातला एक मुलगा