कादंबरीच्या आधीच्या परिचारिका

आम्हा क्राइस्टचर्चमधल्या हॉर्नबीकर मराठी मंडळींच्या गप्पांत एक मत हमखास निघतं: युद्धातल्या परिचारिकांना कादंबरीकारांनी जगवलं, नाहीतर त्यांना विचारलं असतं कोणी? लगेच ॲग्नेस फॉन कुरोव्स्कीचं नाव येतं. मिलानच्या इस्पितळात तिनं जखमी हेमिंग्वेची शुश्रूषा केली आणि तिच्यावरून ‘अ फेअरवेल टू आर्म्स’मधली कॅथरीन उभी राहिली. कबूल. पण जगवलं कुठे? कॅथरीन बाळंतपणात मरते. ॲग्नेसनं १९१९ साली पत्रानं हेमिंग्वेशी संबंध तोडला आणि ती १९८४पर्यंत, ब्याण्णव वर्षं जगली. सोडून जाणारी बाई कादंबरीत प्रियकरासाठी जीव टाकणारी झाली. लेखकाला ती मुभा आहेच. मात्र त्याला स्मरण म्हणू नये.

दुसरा दाखला आमच्या क्राइस्टचर्चचाच. टॉमस केनीलींच्या ‘द डॉटर्स ऑफ मार्स’मध्ये (२०१२) बुडणारं जहाज ‘मार्क्वेट’वर बेतलेलं आहे. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी सालोनिकाजवळ जर्मन पाणबुडीनं ‘मार्क्वेट’ बुडवलं. त्यात न्यूझीलंडच्या दहा परिचारिका गेल्या. त्यांना दारूगोळ्याच्या तुकडीबरोबर साध्या वाहतूक जहाजावर चढवलं होतं. जहाजावर रेडक्रॉसची खूण नव्हती, म्हणजे शत्रूच्या लेखी ते सरळ लक्ष्यच. याला दैवदुर्विलास म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हा कोणा अधिकाऱ्याच्या सहीचा निर्णय होता. कादंबरीच्या नायिका मात्र ऑस्ट्रेलियन बहिणी आहेत.

आता कादंबरी नसती तर काय झालं असतं ते पाहू. हॉर्नबीहून मेन साउथ रोड आणि पुढे रिकार्टन धरून इस्पितळाकडे गेलात की आवारालगत परिचारिकांचं स्मारक-चॅपल लागतं. नोना हिल्डयार्ड, मार्गारेट रॉजर्स, लोर्ना रॅट्रे या ‘मार्क्वेट’वरच्या तिघी इथल्याच. मेट्रन रोझ म्यूर यांनी आणि सहकारी परिचारिकांनी पाठपुरावा केला, आणि १९२७ मध्ये कोनशिला बसली. पुढे ते पाडायचा घाट घातला गेला, तो लोकांनी हाणून पाडला. भूकंपात तडे गेले, तरी डागडुजी होऊन २०१८ मध्ये दारं पुन्हा उघडली. १९१८च्या फ्लूच्या साथीत गेलेल्या दोन परिचारिकांचीही आठवण तिथे जपली आहे. त्या कुठल्याच जहाजावर नव्हत्या.

मग केनीलींचं श्रेय काय? मोठं आहे. जखमा धुणं, वायूनं भाजलेली फुप्फुसं, रात्रपाळीत आंबून गेलेलं अंग, हे त्यांनी पानोपानी दाखवलं. कोनशिलेला ते जमत नाही. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त शांतारामबापूंनी जयश्रीबाईंना को चिंगलान केलं, तेव्हा मराठी घरांना डॉक्टरांच्या चिनी सहचारिणीची ओळख झाली, हेही खरंच. पण त्या चित्रपटानंतरही ती परिचारिका साठाहून अधिक वर्षं चीनमध्ये जगली, आणि ती वर्षं आपल्यातल्या कोणाला ठाऊक आहेत?

केनीलींचं पुस्तक छापून आलं तेव्हा चॅपलची कोनशिला पंच्याऐंशी वर्षांची झाली होती. उसनवारी कोणी कोणाकडून केली, हे या तारखांवरूनच ठरवा.