चंबळच्या वाळूतली अंडी

ग्वाल्हेरच्या दिवाळी अंकात समुद्रपक्ष्यांवर विशेष विभाग, हे ऐकून आमच्या संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जयेंद्रगंजातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायचा तर रात्र रेल्वेत काढावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांचा समुद्र कोकणातल्या नातलगांच्या लग्नकार्यापुरता. तरी विभाग निघाला, कारण त्यातला मुख्य पक्षी मुरैन्याच्या पलीकडे, चंबळच्या वाळूत जन्माला येतो.

त्याचे नाव पाणचिरा. काळी टोपी, पांढरे पोट आणि भडक नारिंगी चोच. चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. पाण्याला लागून उडताना तो खालची चोच पाण्यात बुडवून नदी चिरत जातो. मासा लागला की वरची चोच खटकन मिटते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाची चोच मात्र चारचौघांसारखी असते, खालची बाजू मागाहून वाढते. घरटे म्हणजे उघड्या वाळूतला उथळ खळगा. ना काडी, ना आडोसा. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन काय असते हे तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात हे आईबाप पोटाची पिसे नदीत भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. पावसाळ्यात नदी फुगून बेटे बुडायच्या आत पिलांना उडता आले पाहिजे. पुढे हिवाळ्यात यांचे थवे काकीनाड्याच्या आणि जामनगरच्या किनाऱ्यावर दिसतात.

जगभरात या जातीचे प्रौढ पक्षी तीन हजारही उरलेले नाहीत. २०२० पासून तिची गणना संकटग्रस्त जातींत होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या शास्त्रज्ञ परवीन शेख गेली काही वर्षे चंबळवर याच पक्ष्यामागे आहेत. पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी अडकवायची आणि ती कुठल्या किनाऱ्यावर दिसतात याचा माग काढायचा, हा त्या अभ्यासाचा एक भाग. दुसरा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. नदीकाठच्या गावकऱ्यांनाच त्यांनी घरट्यांचे राखणदार केले. नदी आटली की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे, गुरे थेट अंड्यांपर्यंत पोचतात. ती हाकलायला प्रयोगशाळा नको, वाळूत मुक्काम करणारा माणूस हवा. २०१७ च्या सुमारास चंबळवर चारशेच्या आसपास पाणचिरे होते. आता आकडा हजाराजवळ गेला आहे. २०२५ चा व्हिटली पुरस्कार शेखबाईंना मिळाला तो याच कामासाठी.

ही रीत मराठी माणसाला नवी नाही. २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांच्या हाती कासवांची अंडी सोपवली होती. वेळास हे नाना फडणिसांचे मूळ गाव. महादजींच्या ग्वाल्हेरने नानांच्या गावाकडून काही शिकावे, हे इतिहासप्रेमी वाचकांना किती रुचेल कोण जाणे!

आता थोडे कडू, सणाच्या दिवसांत बोलू नये असे. घरट्यांच्या वैऱ्यांत कुत्र्या-कोल्ह्यांबरोबर आपणही आहोत. चंबळच्या अभयारण्यातून वाळू उपसायला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतातच. २०१८ मध्ये मुरैन्याला अशा ट्रॅक्टरखाली एका वनाधिकाऱ्याचा जीव गेला. आपण बातमी वाचून हळहळलो आणि नव्या मजल्याचा स्लॅब टाकायला घेतला. ट्रॉली पहाटेच्या अंधारातच का रिकामी होते, हे ठेकेदाराला विचारणारा घरमालक आम्हाला अजून भेटलेला नाही. वरच्या अंगाला गांधीसागरपासून कोटा बॅरेजपर्यंत धरणांची रांग आहे. गाळ तिथे अडतो. ऐन विणीच्या दिवसांत पाणी सुटले तर खालची घरटी वाहून जातात. चंबळ यमुनेला मिळते, यमुना गंगेला. इथली अडलेली, उपसलेली वाळू बंगालच्या उपसागराच्या वाट्याला येत नाही. समुद्राचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाला नदीच्या मध्यावर तंबू ठोकावा लागतो तो यामुळे.

विभागातले लेख थोडे लांबले आहेत. कथा नेहमीपेक्षा दोन कमी घेतल्या, त्याबद्दल कथाकारांनी रागावू नये. पाककृतींना मात्र हात लावलेला नाही, तेवढे धाडस आमच्यात नाही.

जाहिरातदारांचे मनापासून आभार. त्यांत बांधकाम साहित्याचे विक्रेतेही आहेत. आपली जाहिरात नीट छापली गेली की नाही हे पाहायला ते अंक उघडतीलच, तेव्हा वाळूवरचा लेखही त्यांच्या नजरेखालून जावा. त्याबद्दल त्यांना काही म्हणायचे असेल तर ते पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू, आणि त्या जागेचे पैसे घेणार नाही.