वेंबनाडमधील जलपर्णीचा प्रश्न बंधाऱ्याच्या दरवाजांशी

केरळमधील वेंबनाड सरोवर आणि त्याला जोडलेल्या कालव्यांत जलपर्णी वाढली की प्रवासी बोटींच्या पंख्यात तिची मुळे अडकतात, कोळ्यांना जाळे टाकायला मोकळे पाणी उरत नाही आणि लहान होड्यांना वल्हे मारणेही अवघड होते. मग यंत्रे आणली जातात, काही भाग साफ होतो आणि थोड्याच दिवसांत पूर्वीचीच स्थिती दिसते. यात नवल नाही. अनुकूल पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तळाच्या गाळात पडलेले तिचे बी अनेक वर्षे जिवंत राहते.

मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती खाऱ्या पाण्यात मात्र तग धरत नाही. वेंबनाडला समुद्राच्या भरतीचे पाणी मिळते. तरीही दक्षिण भागात ती फोफावते, याचे एक मोठे कारण तण्णीरमुक्कम येथील बंधारा आहे. समुद्रसपाटीखाली असलेल्या कुट्टनाडमधील भातशेतीत खारे पाणी शिरू नये, यासाठी १९७०च्या दशकात तो उभारण्यात आला. उन्हाळी पिकासाठी साधारणतः डिसेंबरपासून काही महिने त्याचे दरवाजे बंद असतात. या काळात आतले पाणी गोडे राहते आणि साचते. त्यात शेतातील खते, गावांचे सांडपाणी आणि हाऊसबोटींची घाण मिसळते. जलपर्णीला याहून अधिक काही लागत नाही.

भात वाचवणारा हाच बंधारा मासेमारीच्या मुळावर आला आहे. कोळंबीची पिल्ले आणि अनेक मासे भरतीबरोबर सरोवरात येतात. दरवाजे बंद असले की ती वाट अडते. काळ्या शिंपल्यांच्या वाढीलाही पाण्याचा खारेपणा आवश्यक असतो. त्यात जलपर्णीच्या दाट थराखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यामुळे दरवाजे लवकर उघडावेत, ही मच्छीमारांची मागणी दरवर्षी पुढे येते. पेरणी लांबलेला शेतकरी कापणीपर्यंत ते बंद ठेवण्याचा आग्रह धरतो. दोघांचीही बाजू पोटापाण्याची असल्याने प्रशासनाला कोणाचेही म्हणणे डावलणे सोपे नाही.

किडींद्वारे नियंत्रणाचा अनुभव केरळला आहे. १९८०च्या दशकात 'आफ्रिकन पायल' या दुसऱ्या पाणवनस्पतीवर सोडलेल्या भुंग्यांनी तिला बऱ्याच अंशी आटोक्यात आणले. जलपर्णीवरील भुंग्यांचा परिणाम मात्र संथ असतो, आणि सांडपाण्यावर पोसलेली वाढ त्यांच्या वेगाला मागे टाकते. पंचगंगा व इंद्रायणीकाठच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. तिथे तर मदतीला खारे पाणीही नाही.

कुट्टनाडमध्ये तो उपाय हाताशी आहे. त्यासाठी सर्व पाडशेतांत पेरणी एकाच सुमारास व वेळेवर व्हावी लागेल. बियाणे, बांधांची दुरुस्ती आणि शेतातील पाणी उपसण्याचे पंप वेळेत मिळाले, तर कापणी लवकर उरकेल आणि दरवाजे काही आठवडे आधी उघडता येतील. हे काम पाटबंधारे, कृषी आणि मत्स्यव्यवसाय अशा तीन खात्यांत विभागलेले आहे; जलपर्णी काढण्याच्या निविदेसाठी मात्र एकच खाते पुरते.