थोर पेशा, अकरा महिने

शाळा न्यायाधिकरणात मी हरलो. संस्थेनं मला दरवर्षी जून ते एप्रिल असा नवा नेमणूक आदेश दिला, मे तेवढा गाळला. असे नऊ आदेश माझ्याकडे आहेत. आता संस्था म्हणते, हा कायम नव्हताच. निकालही तोच.

कामगार न्यायालयात का गेला नाहीत, असं मित्र विचारतात. गोव्यातली एक शिक्षिका त्याच कायद्यानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 1975 मध्ये नोकरी गेली, 1988 मध्ये निकाल लागला: शिकवणं थोर कार्य, म्हणून शिक्षक कामगार नव्हे. शाळेचा शिपाई मात्र त्या व्याख्येत बसतो! थोरवीवर किराणा मिळत नाही, साहेब.

महाराष्ट्रात 1977 च्या कायद्यानं आम्हांला वेगळं न्यायाधिकरण दिलं. तिथं तीस दिवसांत दाद मागायची. त्याचा निकाल अंतिम, वर अपील नाही. उरते उच्च न्यायालयातली रिट, आणि वकिलाची फी.

आपल्याच समाजाची संस्था आहे, कौमची बदनामी कशाला, असं बुजुर्ग समजावतात. संस्था कौमची, मग तिथला उस्ताद कोणाचा? बदनामी गाळलेल्या मे महिन्यानं झाली, माझ्या अर्जानं नाही.

रिटचे कागद मी वकिलांकडे दिले आहेत.