विश्लेषण : शाळा संपताच थेट परदेशात धर्मप्रचार… मॉर्मन तरुणांचे ‘मिशन’ कसे असते?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि शेजारी अगदी तशाच वेशातला आणखी एक जण. ब्राझीलच्या गल्ल्यांत किंवा जपानी रेल्वे स्थानकांबाहेर दिसणारी ही जोडी म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे धर्मप्रचारक. बोलीभाषेत मॉर्मन. (२०१८ पासून चर्चने स्वतः ‘मॉर्मन’ हा शब्द वापरू नये असे सांगितले, तरी जगाने तो सोडलेला नाही.) मुलींना या कामासाठी जाण्याची किमान वयोमर्यादा चर्चने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ वरून १८ वर आणली. त्यामुळे आता मुलगा असो वा मुलगी, शाळेतून बाहेर पडताच घर सोडून परक्या देशात जाता येते. तिथे त्यांचा दिवस कसा जातो, खर्च कोण करते आणि या सगळ्यातून नेमके काय साधते?

वयाचा नियम का बदलला?

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या चर्चचे मुख्यालय आता युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत आहे. ऑक्टोबर २०१२ पर्यंत मुलांना १९ व्या आणि मुलींना २१ व्या वर्षी मिशनवर जाता येत असे. तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी ते अनुक्रमे १८ आणि १९ केले. त्यानंतर धर्मप्रचारकांची संख्या सुमारे ५८ हजारांवरून दोन वर्षांत ८० हजारांच्या पुढे गेली. २०२४ अखेर ती ७४ हजारांहून अधिक होती.

अमेरिकेत शालेय शिक्षण साधारण अठराव्या वर्षी संपते. मुलींसाठी उरलेले ते एक वर्ष म्हणजे कॉलेज, नोकरी, प्रेम, लग्न यांपैकी काहीतरी मध्ये येण्याची शक्यता. ती फट आता बुजली. मुदतीतला फरक मात्र कायम आहे. मुलांना २४ महिने, मुलींना १८. शिवाय मुलांसाठी मिशन हे कर्तव्य मानले जाते, मुलींसाठी ऐच्छिक. आणि मुली कितीही जणांना शिकवू देत, बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्यांना नाही. तो पौरोहित्याचा अधिकार असलेल्या पुरुषालाच.

देश कोण निवडतो, पैसे कोण देते?

देश निवडण्याची मुभा नसते. स्थानिक बिशपच्या मुलाखतीनंतर वैद्यकीय आणि दातांच्या तपासणीसह अर्ज सॉल्ट लेक सिटीला जातो. काही आठवड्यांनी उत्तर येते. पूर्वी ते टपालाने येई, २०१८ पासून ऑनलाइन येते. नातेवाईक आणि मित्रांना जमवून ते मोठ्याने वाचण्याचा प्रसंग युटातल्या घरांत एखाद्या साखरपुड्यासारखा साजरा होतो. कुणाला शेजारचे राज्य मिळते, कुणाला मंगोलिया.

पगार नाही. उलट अमेरिकी कुटुंबाने दरमहा ठरावीक रक्कम भरायची. जुलै २०२० मध्ये ती ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली, म्हणजे महिन्याला ४० हजारांहून अधिक रुपये आणि दोन वर्षांत १२ हजार डॉलर. मुलगा टोकियोत असो वा ग्वाटेमालात, रक्कम तीच, कारण सगळ्यांचे पैसे एकत्र करून गरजेप्रमाणे वाटले जातात. गरीब देशांतल्या कुटुंबांकडून कमी घेतले जाते. अनेक मुले शाळेत असल्यापासून सुट्टीत काम करून यासाठी पैसे साठवतात.

त्यानंतर प्रशिक्षण. सर्वात मोठे केंद्र युटातील प्रोव्हो येथे आहे, तिथे ५० हून अधिक भाषा शिकवल्या जातात. जपानी किंवा कोरियन शिकणाऱ्याला इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आठवडे मिळतात. तरी विमानतळाबाहेर पाऊल ठेवल्यावर टॅक्सीवाल्याचे एक वाक्यही कळत नाही, हा बहुतेकांचा अनुभव.

दिवस कसा जातो?

सकाळी साडेसहाला उठायचे. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, न्याहारी. मग धर्मग्रंथांचा आधी एकट्याने आणि नंतर जोडीदारासोबत अभ्यास, परदेशात असल्यास भाषेचाही. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर, दुसऱ्या दिवसाचे नियोजन आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून यात थोडी लवचीकता आली, स्थानिक चालीरीतींप्रमाणे वेळा पुढेमागे होतात. पण दिवसाचा सांगाडा तोच.

मधले दहा-अकरा तास पायी, सायकलवर किंवा बसमध्ये जातात. दारे ठोठावणे हे या कामाचे जुने चित्र. आता चर्चच्या सदस्यांकडून मिळालेले संदर्भ आणि समाजमाध्यमांवरच्या ओळखी यांवर भर आहे. जपानमध्ये मोफत इंग्रजी संभाषण वर्ग घेतात. तिथे येणाऱ्याला इंग्रजी हवे असते, शिकवणाऱ्याला श्रोता हवा असतो आणि हे दोघांनाही ठाऊक असते. ब्राझीलमध्ये चर्चचे सदस्य आळीपाळीने दुपारचे जेवायला बोलावतात. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू वर्ज्य. दारू नाकारणे सोपे असते. चहाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही अशा घरात यजमानीणबाईंचा कप परत करणे अवघड.

या जगण्याचा खरा कणा म्हणजे जोडीदार. चर्च तो नेमून देते आणि तो कायम नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात असला पाहिजे. एकटेपणा फक्त न्हाणीघरात. एकमेकांना ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ आणि आडनाव अशीच हाक मारायची. काही जणांना महिनोन्महिने सोबत राहूनही जोडीदाराचे पहिले नाव तोंडी बसत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, त्यात जोडीदार किंवा गाव, कधी दोन्ही बदलते. अठरा वर्षांच्या अमेरिकी मुलाच्या वाट्याला फिलिपिनो किंवा नायजेरियन जोडीदार येतो. भांडी कुणी घासायची, घोरणाऱ्याचे काय करायचे, आज पाय उचलत नसताना बाहेर पडायचे की नाही, हे सगळे परक्या भाषेत, परक्या माणसाशी सोडवायचे. मिशनहून परतलेल्यांच्या बोलण्यात दाराबाहेरच्या नकारांइतकाच हा दाराआडचा संसार असतो.

प्रेमप्रकरण नाही, चित्रपट नाही, पोहणेही नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात दोन वर्षे काढून पाण्यात पाय न घातलेले अनेक असतात. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे आणि थोडे फिरणे यासाठी. तोही संध्याकाळपर्यंतच.

घरच्यांशी बोलता येते का?

याचे उत्तर फेब्रुवारी २०१९ ने दोन भागांत वाटले आहे. त्याआधी आठवड्यातून एक ईमेल आणि वर्षातून दोन फोन, नाताळ आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला घरी व्हिडीओ कॉल करता येतो. आधीच्या पिढीला हे लाड वाटतात. पण आधीच्या पिढीच्या खिशात मोबाइल नव्हता. आजच्या धर्मप्रचारकाच्या खिशात तो कामाचे साधन म्हणून दिलेला असतो, त्यात कोणती अॅप चालतील हे चर्च ठरवते आणि किती लोकांना शिकवले, रविवारी किती जण प्रार्थनेला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, हे आकडे त्यातच भरायचे असतात. विक्री प्रतिनिधीच्या आठवडी अहवालाची आठवण यावी असा हा प्रकार आहे.

इतक्या मेहनतीतून किती धर्मांतरे होतात?

चर्चच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये ३ लाख ८ हजारांहून अधिक जणांनी बाप्तिस्मा घेतला. भागाकार केला तर एका धर्मप्रचारकामागे वर्षाला चार. ही सरासरी फसवी आहे. पश्चिम आफ्रिका, लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स येथे आकडे फुगतात. युरोप आणि जपानमध्ये दोन वर्षांत एक-दोन बाप्तिस्मे झाले तरी नशीब. आफ्रिकेतला विस्तार तर १९७८ नंतरचा, कारण तोवर कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. शिवाय बाप्तिस्मा घेतलेले सगळे टिकत नाहीत. चर्च सांगते ती पावणेदोन कोटींची सदस्यसंख्या नोंदवहीतली आहे, रविवारच्या बाकांवरची नाही.

मग चर्च हे का चालवते? कारण मिशनचे सर्वात खात्रीचे फळ दारापलीकडच्या माणसात नव्हे, दार ठोठावणाऱ्यात दिसते. ज्या वयात मुले घरच्या श्रद्धेपासून दूर जातात, नेमक्या त्या वयात दोन वर्षे रोज अनोळखी माणसापुढे तीच श्रद्धा स्वतःच्या तोंडाने मांडायची. शंभर नकार पचवलेला तरुण परततो तो बहुधा आयुष्यभराचा सदस्य होऊन. सोबत भाषा येते, न लाजता बोलण्याची सवय येते. युटा नॅशनल गार्डची भाषातज्ज्ञांची लष्करी गुप्तवार्ता ब्रिगेड उगाच उभी राहिलेली नाही. माजी अध्यक्षीय उमेदवार मिट रॉम्नी यांनी साठच्या दशकात अडीच वर्षे फ्रान्समध्ये हेच काम केले होते. ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या २०११ च्या ब्रॉडवे संगीतिकेने युगांडात गेलेल्या दोन धर्मप्रचारकांची यथेच्छ थट्टा केली, तेव्हा चर्चने निदर्शने केली नाहीत, नाटकाच्या माहितीपत्रिकेत जाहिरात दिली. नकार ऐकायची सवय संस्थेलाही असते.

देशोदेशीचे कायदे आड येत नाहीत का?

येतात. रशियाने २०१६ मध्ये सार्वजनिक धर्मप्रचारावर कडक निर्बंध घातले, तेव्हापासून तिथे चर्च आपल्या तरुणांना ‘स्वयंसेवक’ म्हणते. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रसेल्स विमानतळावरील दहशतवादी हल्ल्यात तीन अमेरिकी धर्मप्रचारक जखमी झाले. २०२० मध्ये करोनामुळे जगभरातून हजारो जणांना काही आठवड्यांत मायदेशी हलवावे लागले.

भारताशी या चर्चचा संबंध जुना, पण बारीक आहे. ह्यू फिंडले हे प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आले आणि पुढे पुण्यात गेले. तिथे त्यांना विरोध झाला तो प्रामुख्याने ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांकडून, छावणीत प्रचार नको म्हणून. तो प्रयत्न काही वर्षांतच आटोपला. बंगळूरुत स्वतंत्र मिशन सुरू झाले ते १९९३ मध्ये, आणि तिथेच देशातील पहिल्या मंदिराचे काम डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले. परदेशी नागरिकाला पर्यटक व्हिसावर भारतात धर्मप्रचार करता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्मप्रसाराचा हक्क देतो, मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले.

ज्यांना हे जमत नाही त्यांचे काय?

या व्यवस्थेची सर्वात दुखरी जागा हीच. आजारपण, नैराश्य, घराची ओढ किंवा श्रद्धेविषयीच पडलेला प्रश्न, यांमुळे काही जण मुदतीआधी परततात. ज्या विमानतळावर फलक आणि फुगे घेऊन गर्दी जमते, तिथे ते आईवडिलांखेरीज कुणाला न कळवता उतरतात. युटातल्या समाजात ‘मिशन पूर्ण केलेला’ ही ओळख लग्न जुळवतानाही मोजली जाते. आपल्याकडे स्थळ पाहताना पदवी विचारावी, तशी. अर्धवट परतलेल्याला मग प्रत्येक ओळखीच्या माणसाला कारण सांगत बसावे लागते.

चर्चने हे ओळखले नाही असे नाही. ताणाच्या पातळ्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत दाखवून स्वतःची स्थिती ताडायला शिकवणारी पुस्तिका २०१३ पासून दिली जाते. तब्येतीमुळे बाहेर जाऊ न शकणाऱ्यांना घरी राहून सेवाकार्याचे मिशन करता येते. साप्ताहिक व्हिडीओ कॉलही याच दिशेचे पाऊल. पण वय खाली आणण्याचा निर्णय उलट्या दिशेचा आहे. २१ व्या वर्षी निघणारी मुलगी कॉलेज पाहून, कदाचित एकटी राहून निघत असे. आता ती थेट आईच्या स्वयंपाकघरातून निघेल, आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द तिच्या मैत्रिणी एकामागोमाग अर्ज भरू लागल्यावर किती ऐच्छिक राहतो, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत परतणाऱ्या तुकड्यांकडूनच कळेल.