मोटारीचा माणूस

गेल्या पोळ्याच्या सुमारास आम्ही कांहीं दिवस जिवतीस होतों. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील टोंकास, माणिकगडाच्या डोंगरांवर वसलेलें हें तालुक्याचें गांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिलें असेल. वडील बंधूंची नेमणूक तेथें झाल्यापासून "एकदां या" असें वहिनींचें बोलावणें होतेंच. आईला बरोबर घेऊन निघालों. गडचांदुराच्या सिमेंटच्या मालमोटारी मागें पडल्या, घाट लागला, आणि दोहों बाजूंस फुलोऱ्यावर आलेला साग पावसांत न्हातांना दिसूं लागला.

घरांत पाऊल ठेवतो न ठेवतो तोंच सात वर्षांच्या पुतण्यानें आपली मागणी पुढें मांडली. "काका, तान्ह्या पोळ्याला मला मोटारीचा रोबो व्हायचं आहे. पण खरा! बसलो कीं मोटार, उठलो कीं माणूस."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, पिठोरी अमावास्येस बैलांचा पोळा झाला म्हणजे दुसरे दिवशीं मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून तोरणाखालीं आणतात, मग घरोघर फिरतात, आणि मोठीं माणसें त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ ठेवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं ही प्रथा पाडली असें सांगतात. अलीकडे बैलांच्या जोडीला मुलांचे वेषही आले आहेत. कोणी शेतकरी होतो, कोणी सैनिक, कोणी शिवाजीमहाराज.

"मोटारीचा माणूस हा कुठला रे देव?" आईनें विचारलें. तो देव जपानांत जन्मला. १९८० सालीं तेथील तकारा या खेळण्यांच्या कंपनीनें डायाक्लोन नांवाची मालिका काढली. पुढें तींत सांधे वळवले कीं मोटारीचा माणूस व्हावा अशीं खेळणीं आलीं. अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९८४ सालीं तीं ट्रान्सफॉर्मर्स या नांवानें विकावयास काढलीं, आणि २००७ पासून त्यांवर मोठाले चित्रपटही निघाले. आतां तीं चित्रें हातांतल्या फोनवर डोंगरांतल्या घरींही पोंचतात. बाजारांत तयार पोशाख मिळतो. परंतु पातळ कापडावर मोटारीचें चित्र छापलेला पोशाख घालून मूल मोटार होत नाहीं, आणि आमच्या पुतण्याची अट तर नेमकी तीच होती.

घरांत तीन शिकलेलीं माणसें असलीं म्हणजे साध्या कामाची जी अवस्था होते तीच येथें झाली. बंधूंनीं पट्टी-पेन्सिल घेऊन नकाशा काढला, वहिनींनीं रंग ठरविले, आम्हीं कातर चालविली. किराणा दुकानांतून आणलेल्या जाड खोक्यांच्या पेट्या, त्यांना आंतून बांबूच्या कामट्या, चाकांच्या जागीं पत्र्याच्या डब्यांचीं झांकणें आणि डोक्याला चौकोनी शिरस्त्राण. चार संध्याकाळीं खपून वस्तु तयार झाली ती इतकी देखणी कीं, आम्ही तिघें तिच्याभोंवतीं फिरून एकमेकांचें कौतुक करीत होतों. मुलाला आंत उभें केलें, छायाचित्रें काढलीं. "आतां मोटार हो पाहूं" म्हटल्यावर मात्र तो जागच्या जागीं उभाच. बसूं लागला तर पेटीची कड हनुवटीस लागे. वांकला तर कामटी पाठींत रुते. "होईल हळूंहळूं," तो म्हणाला, "छान आहे, काका." आम्हीं तें खरें मानलें.

रात्रीं आईनें त्याचा सदरा काढला तों दोन्ही खांद्यांवर सुतळीचे लाल वळ! तासभर तो त्या ओझ्याखालीं उभा होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. आई बाहेर येऊन एवढेंच म्हणाली, "पोराला वेठीला धरलंत रे तुम्ही. तुमची हौस तो वाहतोय."

त्या शब्दानें आम्ही चपापलों. रोबो हा शब्द मूळचा वेठीचाच आहे. कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालच्या आपल्या 'आर. यू. आर.' या नाटकांत माणसाच्या हातच्या कृत्रिम कामगारांना हें नांव दिलें. तें सुचविलें त्याच्या भावानें, योसेफनें. आणि चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ. जिवतीचा मुलूख पूर्वीं हैदराबाद संस्थानांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ सालीं तो त्यांतून निघाला. निजामी अमलांतील वेठ येथल्या जुन्या माणसांना पुस्तकांत वाचावी लागली नाहीं. याच डोंगरांच्या दक्षिणेस जोडेघाट येथें १९४० सालीं कोमरम भीम आणि त्यांचे गोंड साथीदार आपल्या रानाच्या व जमिनीच्या हक्कासाठीं लढतां लढतां पडले. तेवढ्या मोठ्या दुःखाशीं घरांतल्या खेळाची तुलना करूं नये हें आम्हीं जाणतों. परंतु शब्द जिव्हारीं लागला खरा. मुलें आपल्याला दुखतें आहे हें नेहमींच सांगत नाहींत. घरचीं मोठीं माणसें हौसेनें कांहीं करीत असलीं म्हणजे तर मुळींच सांगत नाहींत.

सकाळीं सर्व मोडलें. आईनें एकच नियम घातला: माप मुलाचें घ्या, मोटारीचें नको. त्या नियमानें जें साधलें तें, असा वेष करूं इच्छिणाऱ्या घरांसाठीं, येथें देतों.

माप उभ्याचें घेऊं नये. मुलाला गुडघ्यांवर व कोपरांवर ओणवें करावें, आणि मानेपासून कंबरेपर्यंत व एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरीनें माप घ्यावें. मोटार ओणव्या अंगावर व्हावयाची असते. उभा माणूस त्या मापांत आपोआप बसतो. पेटी करूंच नये. दोन सपाट तुकडे पुरतात: एक पाठीवर, तो मोटारीचा टप, दुसरा छातीवर, तें बॉनेट. पुठ्ठ्याच्या पोटांत पन्हळी असतात. त्या ज्या दिशेनें धांवतात त्या दिशेनें पुठ्ठा सहज दुमडतो आणि आडवा ताठ राहतो. जेथें वळण हवें तेथें पन्हळी वळणाच्या रेषेस समांतर ठेवावी. मग कामटीचें काम पडत नाहीं.

खरी युक्ति बिजागरीची आहे, आणि ती जुन्या लुगड्याच्या कांठाची करावी. टपाची मानेकडील कड आणि बॉनेटची वरची कड दोन्ही खांद्यांवरून जाणाऱ्या कापडी पट्ट्यांनीं जोडावी. मधून डोकें मोकळें राहावें. मूल उभें असतांना बॉनेट छातीवर लोंबतें व तीच यंत्रमानवाची छाती दिसते. मोटार व्हावयाचें झालें कीं मुलानें दोन्ही हातांनीं बॉनेट वर उचलून डोक्यावरून पलीकडे करावें आणि ओणवें व्हावें. तें टपापुढें सरळ रेषेंत येतें. दोन्ही वेळां बॉनेटची बाहेरची एकच बाजू दिसते, म्हणून ती एकदांच रंगवावी. दिवे तिच्या खालच्या कडेस काढावे म्हणजे मोटारींत ते बरोबर पुढें येतात. डोळ्यांसमोर पडणाऱ्या भागास मोठी खिडकी कापून मच्छरदाणीचें कापड लावावें. पुढचीं चाकें हाताच्या कोपराखालच्या भागास बाहेरून, मागचीं मांड्यांस बाहेरून, रुंद इलॅस्टिकनें बसवावीं. तळहात मोकळे असूं द्यावे. मूल पडलें तर त्याला टेकावयास हात हवेत.

खांद्यांना सुतळी नको, नवारीची रुंद पट्टी घ्यावी, आणि तिला टिचबटण लावावें म्हणजे एका हिसक्यासरशी सुटते. गळ्याभोंवतीं कांहींही बांधूं नये. शिरस्त्राणाऐवजीं घरांतलीच कापडी टोपी घेऊन तीवर बेगड चिकटवावी. गुडघ्यांना गोधडीचे तुकडे. दिवे खरे पेटविण्याचा मोह आवरावा; नाण्यासारख्या लहान बॅटऱ्या मुलाच्या पोटांत गेल्या तर जिवावर बेततें. चंदेरी रंगाचे दिवे उन्हांत पुरेसे चमकतात. भाद्रपदांतला पाऊस लक्षांत घेऊन बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावे, कडांना मेणबत्ती घासावी, आणि दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून रंगाचा वास जाऊं द्यावा.

शेवटीं सर्व कांहीं तराजूंत घालावें. २०२० च्या शाळेच्या दप्तरांविषयींच्या राष्ट्रीय धोरणांत दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें असें सांगितलें आहे. खेळाच्या वेषाला त्याहून कडक नियम लावावा. आमचा पुतण्या वीस किलोचा. पहिला वेष वाण्याच्या कांट्यावर तीन किलोंवर गेला होता. दुसरा सव्वा किलो भरला.

मधल्या काळांत एका परिचितांनीं सुचविलें कीं, एवढा खटाटोप कशाला, येथें घुसाडी नाचतात तसा मोरपिसांचा टोप घाला मुलाला, बक्षीस नक्की. आम्हीं नम्रपणें नाहीं म्हटलें. अश्विन पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत राजगोंडांची दंडार गांवोगांव जाते. तींत घुसाडी होणारा पुरुष अंगाला राख फांसून, कातडें पांघरून मोरपिसांचा तो भव्य टोप घालतो, त्या दिवसांत स्नानही करीत नाहीं, आणि त्याच्या ठायीं दैवत आलें आहे असें लोक मानतात. या नृत्याच्या सेवेबद्दल मारलवाईच्या कनकराजूंना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. तो भार जाणत्या माणसानें व्रत म्हणून स्वतः घेतलेला असतो. शेजाऱ्यांचें व्रत आपल्या मुलाच्या गमतीसाठीं उसनें घेऊं नये. आणि पानें गुंडाळून मुलांना 'आदिवासी' म्हणून उभें करण्याची जी चाल शहरांतल्या स्पर्धांत दिसते, तीही सुशिक्षितांनीं आतां सोडावी. ज्यांच्या गांवांत राहावयाचें त्यांचाच वेष थट्टेवारी नेणें शोभत नाहीं.

पाडव्यास सकाळपासून पावसाची भुरभुर होती. तोरणाखालीं लांकडी बैलांची रांग लागली आणि त्यांच्यामध्यें आमचा लाल-निळा यंत्रमानव उभा राहिला. कोणी न सांगतां त्यानें बॉनेट डोक्यावरून टाकलें, ओणवा झाला, आणि मोटार झाली! पोरांनीं कल्ला केला. मग तो उठला, पुन्हां बसला. असें किती वेळां झालें तें आम्हीं मोजलें नाहीं. वळ पडतात कीं काय म्हणून आईचें लक्ष तेवढें खांद्यांवर होतें.

तिसऱ्या-चवथ्या घरापुढें डावी बिजागरी उसवली आणि मोटार रस्त्यांतच बसली. आम्ही सुई-दोरा घेऊन धांवणार तोंच शेजारच्या मुलानें आपल्या लांकडी बैलाची दोरी सोडून मोटारीच्या टपाला बांधली आणि बैल पुढें ओढावयास लागला. मोटार मागून गुडघ्यांवर चालत निघाली. बैल मोटार ओढतो आहे हें पाहून ओसरीवरच्या आजोबांनीं दोघांच्याही हातावर बोजारा ठेवला. बक्षीस कोणास मिळालें हें विचारावयाचें मग घरांत कोणाला सुचलेंच नाहीं.

रात्रीं आईनें सदरा काढून पाहिला. खांदे स्वच्छ होते. गुडघे मात्र चिखलानें माखले होते, आणि ते धुऊन घेतांना पोर सारखें बोलत होतें.