सायकल, उन्हाळा आणि पसरलेली झोळी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जूनच्या उत्तरार्धात शाळांना सुट्टी लागते आणि घरेच्या घरे बाहेर पडतात. तेथील हिवाळा दीर्घ आणि कठोर; त्यामुळे उन्हाळ्याचे आठ-दहा आठवडे माणसे जणू जुने येणे वसूल करावे तशी उघड्यावर घालवितात. समुद्रस्नान, तळ्यातील होडी, रानातला तंबू आणि सायकल. केप कॉडच्या चिंचोळ्या भूमीवर जुन्या लोहमार्गाचे रूळ काढून त्या जागी केवळ सायकलींसाठी व पादचाऱ्यांसाठी लांबच लांब वाट केलेली आहे. तिच्यावर आजोबा आणि नातू मागेपुढे सायकल चालविताना दिसतात.

मूळचे वसईचे, आमच्या जुन्या परिचयाचे एक कुटुंब बोस्टनजवळ राहते. पती-पत्नी, सतरा वर्षांची कन्या आणि अकरा वर्षांचा मुलगा. २०२४ चा त्यांचा उन्हाळा असाच गेला. फरक इतकाच, की दर शनिवारी वडिलांची सायकल पहाटे पाचलाच घराबाहेर पडत असे आणि दुपारपर्यंत परतत नसे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी-रविवारी होणाऱ्या ‘पॅन-मास चॅलेंज’ या सायकल फेरीत त्यांनी नाव घातले होते. कारण घरातलेच होते. चार वर्षांपूर्वी पत्नीवर बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत उपचार झाले होते, आणि ही फेरी त्याच संस्थेसाठी निधी जमविते.

फेरीचा इतिहास थोडक्यात सांगतो. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली कर्करोगाने वारली. १९८० मध्ये त्याने ३५-३६ मित्र गोळा केले आणि राज्याच्या पश्चिमेकडील स्प्रिंगफिल्डपासून केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत ते सायकलीने गेले. जमले १० हजार २०० डॉलर. आज सहा हजारांहून अधिक सायकलस्वार या फेरीत भाग घेतात; २०२४ साली साडेसात कोटी डॉलर संस्थेला मिळाले आणि आरंभापासूनची एकूण रक्कम त्याच वर्षी १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. स्वारांनी जमविलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो. व्यवस्थेचा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्क यांतून भागविला जातो. पाण्याच्या बाटल्या भरण्यापासून पंक्चर काढण्यापर्यंतची कामे हजारो स्वयंसेवक करतात. आमच्या स्नेह्यांची कन्या त्यांच्यातच होती.

येथे एक प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. आमच्याही आला. पैसेच द्यायचे, तर धनादेश लिहून द्यावा. तीनशे किलोमीटर पाय दुखवून घेण्याने कर्करोगाच्या एका पेशीचेही काही बिघडत नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

२०२० सालाने या प्रश्नाची जणू परीक्षाच घेतली. कोरोनाच्या साथीमुळे रस्त्यावरची फेरी रद्द झाली. ना गर्दी, ना वाटेवर टाळ्या वाजविणारी मुले. आदल्या वर्षी ६ कोटी ३० लाख डॉलर जमले होते. फेरीच नाही, तर निधी कोसळेल अशीच कोणाची अपेक्षा असती. प्रत्यक्षात त्या वर्षीही ५ कोटी डॉलर आले. स्वारांनी आपापल्या गावात, कोणी घरातल्या घरात सायकल चालविली, परंतु दारोदार मागणे मात्र थांबविले नाही. आमच्या मते फेरीचे खरे कार्य येथे उघड होते. सायकल हे निमित्त आहे. काम आहे ते मागण्याचे.

आणि मागणे अवघड असते. नियम असा, की प्रत्येकाने ठरावीक रक्कम जमविण्याचे वचन द्यावयाचे. दोन दिवसांच्या फेरीसाठी ती काही हजार डॉलर असते. कमी पडली, तर उरलेली रक्कम त्याच्याच क्रेडिट कार्डातून वळती होते. ज्याचे मित्र सधन, त्याला हे सोपे. शाळेतल्या शिक्षकाला किंवा दुकानात राबणाऱ्याला कठीण. या फेरीचा हा उणेपणा आम्हांला खटकतो. आमचे स्नेही दूरध्वनीवर म्हणाले, “फादर, चढ चढताना एवढी धाप लागली नाही, जेवढी शेजाऱ्याची बेल वाजवताना लागली.”

जून महिन्यात त्यांनी आवाहनाचे पत्र तयार केले. त्यात पत्नीच्या आजाराची हकिगत होती आणि उपचारांच्या काळातील, केस गेलेले असतानाचे एक छायाचित्र. पत्नीने ते वाचले आणि दोन्ही काढावयास सांगितले. मी बरी झाले ती कोणाच्या भिंतीवर लागण्यासाठी नाही, असे तिचे म्हणणे होते. दोन दिवस घरात अबोला होता.

हा वाद नवा नाही. तो या निधीच्या जन्माइतकाच जुना आहे. १९४८ च्या मे महिन्यात एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात डॉ. सिडनी फार्बर यांच्या बारा वर्षांच्या एका रुग्णाला बोलते केले गेले. बोस्टन ब्रेव्ह्ज संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले. सामने पाहण्यासाठी त्याला दूरचित्रवाणी संच मिळावा म्हणून २० हजार डॉलर मागितले होते. आले दोन लाखांहून अधिक, आणि त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला. आज त्या निधीच्या वार्षिक उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा या सायकल फेरीचा असतो. परंतु मुलाचे नाव जिमी नव्हतेच. त्याची ओळख झाकण्यासाठी ते दिले होते. आयनर गुस्टाफसन हे त्याचे खरे नाव लोकांना पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये कळले. तोवर तो ट्रक चालवून पोट भरणारा, नातवंडे असलेला गृहस्थ झाला होता. लाखो लोकांनी त्याच्यासाठी पैसे दिले आणि त्याला मात्र साधेपणाने, अनाम जगता आले. ते नाव बदलण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला आम्ही मोठा मानतो.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांवर अमिनोप्टेरिन हे औषध वापरले आणि १० मुलांमध्ये, तात्पुरता का होईना, उतार दिसला. ते औषध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले ते संशोधक आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. १९४८ च्या ऑगस्टमध्येच ते निवर्तले.

आपल्याकडे काय चालते? मोबाईलवर रोज एखादे आवाहन येते: रुग्णाचे छायाचित्र, आजाराचे नाव, वडिलांचा क्रमांक, बँकेचे खाते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून गोरगरिबांवर उपचार होत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. तरीही औषधाच्या बिलासाठी आजाऱ्याच्या बापालाच हात पसरावा लागतो, आणि गावाला सर्व तपशील कळल्यावाचून त्या हातावर काही पडत नाही. सरकारने करावयाचे काम देणगीने पुरे होत नाही, हे बोस्टनलाही लागू आहे. तेथेही विमा अपुरा पडला की कुटुंबे कर्जात बुडतात. पण निदान मागण्याचा भार तरी निरोग्याने उचलावा, आजाऱ्यावर टाकू नये. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक धावपटू संस्थांसाठी असा निधी उभारतात. आपल्या गावांतून मात्र अजून हे रुळलेले नाही.

आमच्या स्नेह्यांनी पत्र पुन्हा लिहिले. त्यात पत्नी नव्हती, छायाचित्र नव्हते. ‘मी इतके अंतर जाणार आहे, तुम्ही काय द्याल’ एवढेच होते. देणग्या थोड्या कमी आल्या. ऑगस्टमध्ये ते पहिल्या रात्री बोर्न येथे मुक्कामास थांबले आणि दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिन्सटाउनला पोहोचले, तेव्हा पत्नी टॉवेल आणि लिंबाचे लोणचे घालून केलेली पोळीची गुंडाळी घेऊन उभी होती. बोस्टनला परतणाऱ्या बोटीत मुलगा आईच्या मांडीवर झोपून गेला. शेजारी बसलेल्या एका अनोळखी स्वाराने विचारले, तुमच्या घरी कोणी आजारी होते का? तिने स्वतःच उत्तर दिले, “हो, मी.” एवढे बोलून ती पुन्हा समुद्राकडे पाहू लागली.

ठरलेल्या रकमेत चारशे डॉलर अद्याप कमी होते. मुदत संपावयास काही आठवडे होते.